रानभाजी शहरात आणताना: भाव, प्रमाण आणि वेळ पाड्याला ठरवू द्या

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतल्या मंडळींनी विचारलं आहे की, पावसाळ्यात शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांवरून रानभाज्या थेट आणून ठाण्यात आणि नवी मुंबईत विकल्या, तर पाड्यावरच्या माणसांच्या हातात खरंच चार पैसे पडतील का? आणि आपल्या मागणीमुळे जंगल टिकेल की ओरबाडलं जाईल?

दोन्ही होऊ शकतं. मी बरीच वर्षं या दोन तालुक्यांत महिला बचत गटांबरोबर वनोपजाचं काम करते आहे आणि दोन्ही घडताना पाहिलं आहे. काय आणायचं, किती आणायचं आणि कधी थांबायचं हे कोण ठरवतं, यावर सगळं अवलंबून असतं. हे पाड्याने ठरवलं तर तुमची मागणी जंगलाच्या बाजूने काम करते. शहरातल्या गटाने ठरवलं तर हेतू कितीही चांगला असो, दोन-तीन पावसाळ्यांत भाजीच्या जागा रिकाम्या होऊ लागतात.

आधी पैशाबद्दल बोलते, कारण तिथे रकमेपेक्षा वेळ महत्त्वाची आहे आणि हे शहरातून दिसत नाही. कातकरी कुटुंबाचं वर्ष असं चालतं: दिवाळीनंतर भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर जायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. मग लावणीची मजुरी. लावणी आटोपली की भात कापणीला येईपर्यंत हाताला काम नसतं. घरातला तांदूळ संपत आलेला, पोरांना ताप, घरावर कागद टाकायचा बाकी, त्यात गणपती तोंडावर. याच दिवसांत भट्टीवाल्याचा माणूस उचल, म्हणजे पुढच्या मजुरीवरची आगाऊ रक्कम, घेऊन पाड्यावर येतो. त्या दिवशी घेतलेले काही हजार रुपये पुढचे सहा-सात महिने फेडावे लागतात आणि शाळेत जाणारी मुलंही आईबापांबरोबर भट्टीवर जातात. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित म्हणून नोंद झालेल्या तीन जमातींपैकी कातकरी एक आहे (कोलाम आणि माडिया गोंड या इतर दोन), आणि त्या असुरक्षिततेच्या मुळाशी ही उचल आहे.

आता रानभाजीचा हंगाम पाहा. रोहिणीच्या सरींवर शेवळं येतात. पाठोपाठ कोवळा टाकळा, फोडशी, कुर्डू. आषाढ-श्रावणात कंटोळी, भारंगी, चाईचे मोहर, बांबूचे कोंब. ज्या दिवसांत उचल घ्यावी लागते, नेमक्या त्याच दिवसांत हा पैसा येतो. म्हणून भाजीच्या पैशाने घर वर्षभर चालत नसलं, तरी उचल थोडी कमी घ्यावी लागली किंवा महिनाभर पुढे ढकलता आली, तरी बाईच्या हातात घासाघीस करायला बळ येतं. तुमचा उपक्रम चालला की नाही हे मोजायचं असेल, तर एकूण विक्रीच्या आकड्याबरोबर हेही विचारा की गटातल्या किती घरांनी यंदा उचल कमी घेतली.

आता जंगलाकडे येते. ‘रानभाजी’ या एका नावाखाली आपण अगदी वेगवेगळ्या तऱ्हेने जगणाऱ्या वनस्पती एकत्र करतो. प्रत्येकीला तोडणी वेगळी सोसते.

टाकळा आणि कुर्डू मुबलक. बांधावर, माळावर, पडीक जागेत बी पडून दरवर्षी हजारोंनी उगवतात. यांची कितीही मागणी आली तरी जंगलाचं काही बिघडत नाही. सुरुवात यांच्यापासूनच करा. अडचण एवढीच की शहरात टाकळ्याला मान नाही आणि भावही नाही. ताज्या कोवळ्या टाकळ्याची लसूण-मिरचीवर परतलेली, वरून ओलं खोबरं घातलेली भाजी लोकांना एकदा खाऊ घाला, मागणी तयार होते. ते काम तुम्ही शहरातली माणसं चांगलं करू शकता.

कंदावर जगणाऱ्या भाज्यांचं तसं नाही. शेवळ घ्या. तिचा कंद जमिनीखाली वर्षानुवर्षं राहतो. पावसाआधी तो फक्त फुलोऱ्याचा दांडा वर पाठवतो, पान नंतर येतं. जाणती बाई शेवळ काढते तेव्हा पालापाचोळा हाताने बाजूला सारते, दांडा मुळाशी दोन बोटांत धरते, किंचित पिळते आणि वर ओढते. दांडा खटकन सुटतो, कंद जागेवर राहतो. उमललेली, पावडर सुटलेली शेवळं ती तशीच सोडते आणि मिटलेलीच घेते. एका जागेवरची सगळी घेत नाही, कारण सगळे फुलोरे गेले तर फळ धरत नाही, बी पडत नाही आणि कंद म्हातारा होऊन संपला की त्या जागी पुढचा येत नाही. जुड्या बांधताना त्यात दोन-चार काकडं ठेवते, कारण काकडाच्या आंबटाशिवाय शेवळ खाजते. ही काकडं म्हणजे काकड नावाच्या रानझाडाची आंबट फळं, आपली कोशिंबिरीची काकडी नव्हे. शेवळाच्या एका जुडीला पाड्यावरची जाण आणि एक झाड दोन्ही लागतात ते असं.

हेच काम रोजाने लावलेल्या पोरांवर सोपवलं तर काय होतं? व्यापाऱ्याने सांगितलेलं असतं की शंभर जुड्या हव्यात. मग कोयत्याने माती उकरली जाते, कंदासकट झाड हातात येतं. फोडशीचंही तेच. पानं जमिनीलगत खुडली तर मूळ पुन्हा फुटतं, उपटली तर संपलं. फोडशीच्या कुळातल्या सफेद मुसळीचा अनुभव समोर आहे. तिच्या शास्त्रीय नावातच बोरिवली आहे, इतकी ती आपल्या भागातली. औषधासाठी तिच्या मुळांना भाव आला आणि जंगलाजंगलांतून ती खणून काढली गेली. भाव चांगला होता. थांबायचं कधी हे सांगण्याचा अधिकार मात्र कोणाकडेच नव्हता.

कंटोळीचा वेल शेतातही येतो. नर आणि मादी वेल वेगळे असतात. नराला फळ येत नाही म्हणून अनेकदा तो निरुपयोगी समजून उपटला जातो आणि मग मादी वेलही वांझ राहतात. कंटोळीची मागणी शहरात भरपूर, भावही चढा. म्हणून तिचे कंद कुंपणाला, परसात लावायला गटाला मदत करा, म्हणजे जंगलातल्या वेलांवरचा ताण कमी होतो. घाटावर अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांचं जे काम उभं केलं (त्यासाठी त्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली), ते आपल्या बायकांना एकदा नेऊन दाखवावं असं आहे. परसातलं बी हीच बाईची ठेव, हे तिथे पाहिल्यावर वेगळं समजवावं लागत नाही.

बांबूचा प्रत्येक कोंब म्हणजे पुढच्या वर्षीची एक काठी. हंगामाच्या शेवटी येणारे कोंब बऱ्याचदा तसेही जगत नाहीत. ते काढावेत, पहिले जोमदार कोंब ठेवावेत. आळिंबी, म्हणजे रानातली खायची भूछत्रं, मात्र ऑर्डरवर मागूच नका. ती वारुळांशी बांधलेली असते, तिच्या जागा घराघरांत गुपित राखलेल्या असतात आणि मागणी वाढली की वारुळंच फोडली जातात. शिवाय ओळखण्यात चूक झाली तर जीव जातो. पाड्यावर जेवायला गेलात आणि पानात आली, तर आनंदाने खा.

अधिकार कुणाचा, हे कायद्याने स्पष्ट केलेलं आहे. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(1)(ग) नुसार गावाच्या हद्दीत किंवा हद्दीबाहेर परंपरेने गोळा केलं जाणारं गौण वनोपज गोळा करणं, वापरणं आणि विकणं हा वननिवासींचा मालकी हक्क आहे. कंदमुळं, औषधी वनस्पती, मध, बांबू हे सगळं त्यात येतं. 2012 च्या सुधारित नियमांनुसार वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देऊ शकते. शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाड आणि भिवंडीचा काही भाग आहे, तिथे ग्रामसभेला जास्तीचे अधिकार देणारा पेसा कायदाही लागू आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 पासून गावाने स्वतःच्या परवान्यावर बांबू विकला. बांबूच्या पैशाइतकीच मोठी गोष्ट अशी की किती तोडायचा हे गावाने बसून ठरवलं.

तुम्ही ज्या पाड्याशी जोडून घ्याल, तिथे पहिला प्रश्न हाच विचारा की सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर आहे का. नसेल तर तो दाखल करायला मदत करा. जुने नकाशे, वहिवाटीचे पुरावे, वडीलधाऱ्यांचे जबाब गोळा करणं, फायली तयार करणं, तालुक्याला खेटे घालणं यात शिकलेल्या माणसांचा वेळ फार कामी येतो. भाजी विकण्याहून हे काम मोठं आहे असं माझं मत आहे, कारण हक्क मिळाल्यावर बाहेरच्या टोळीला “इथे खणायचं नाही” हे गाव कायद्याच्या आधारे सांगू शकतं. भाज्यांची नोंद लोक जैवविविधता नोंदवहीत (गावातल्या झाडाझुडपांची, प्राण्यांची आणि त्यांबद्दलच्या जाणीची वही) करून घ्या, पण नेमक्या जागा त्यात लिहू देऊ नका. नाव, हंगाम, तोडायची रीत पुरे.

येऊरचं वेगळं आहे. ठाणेकरांना ते जवळचं वाटतं आणि अनेकजण तिथूनच सुरुवात करू म्हणतात. पण येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि राष्ट्रीय उद्यानातून वनोपज काढण्यावर वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चे कडक निर्बंध आहेत. तिथल्या वारली पाड्यांवरच्या बाया परसातलं, शेतातलं जे आणतात ते जरूर घ्या, पण जंगलातून मोठ्या प्रमाणात आणायला सांगून त्यांना अडचणीत टाकू नका. नवी मुंबईच्या बाजूला खारघरच्या डोंगरावर चाफेवाडी-फणसवाडीसारखे पाडे आहेत. तिथल्या लोकांकडून थोडी थोडी भाजी सीवूड्स-बेलापूरला सहज येऊ शकते.

आता बाजार. शहापूरकडची बाई पहाटेच्या कसारा लोकलने निघते. पाटीत पालेभाजी, वर ओलं फडकं. ठाण्यात उतरून स्टेशनबाहेर किंवा जांभळी नाक्याकडे बसते. बसायला हक्काची जागा नाही. पथविक्रेता कायदा 2014 मध्ये आला, पण वर्षातले तीन महिने येणारी बाई सर्वेक्षणात सापडत नाही आणि प्रमाणपत्राशिवाय बसली की पाटी उचलली जाण्याची धास्ती. त्यात पालेभाजी दहा वाजता माना टाकते आणि घरी पोर वाट पाहत असतं. हे सगळं माहीत असलेला भाजीवाला सकाळीच पूर्ण पाटी मिळेल त्या भावाला उचलतो आणि तीच भाजी दिवसभर दुपटी-तिपटीने विकतो. बाई भावात हरते याचं कारण तिच्याकडे थांबायला वेळ नसतो. न विकल्या गेलेल्या भाजीचा सगळा तोटा तिच्या एकटीच्या माथ्यावर असतो.

म्हणून मधला माणूस काढून टाकू, एवढं ठरवून भागत नाही. त्याची जोखीम कोणीतरी घ्यायला हवी आणि तुम्ही उपयोगी पडाल ते इथेच. ऑर्डर दोन दिवस आधी घ्या, पैसे आगाऊ घ्या, भाव हंगामाच्या सुरुवातीला गटाबरोबर बसून ठरवा आणि ठरलेली भाजी आली की ती सगळी तुमची. पाऊस जास्त झाला, गाड्या बंद पडल्या, सोसायटीतले चार लोक गावी गेले, तरी उरलेली भाजी परत जाणार नाही. भाव ठरवताना फक्त भाजीचं वजन धरू नका. पहाटेपासूनची चाल, निवडणं, जुड्या बांधणं, प्रवास, बुडालेली मजुरी हे सगळं मांडा. त्या दिवशी लावणीची मजुरी जेवढी मिळाली असती, त्याहून कमी पडत असेल तर तो भाव चुकीचा. आणि हो, कुणाला काय हवं ते निवडू देऊ नका. “या आठवड्यात जे निघेल ते” अशी मिश्र टोपली ठेवा: दोन जुड्या टाकळा-कुर्डू, एक जुडी भारंगी, असतील तर थोडी कंटोळी. एकाच भाजीची मागणी चढली की एकाच भाजीवर कोयता पडतो. मिश्र टोपलीत तोडणी आपोआप विभागली जाते.

प्रत्येक टोपलीसोबत रांधायची रीत गेलीच पाहिजे. शेवळातला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, काकड, चिंच किंवा आमसुलाच्या आंबटात नीट शिजवायची, नाहीतर घसा धरतो. सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत शेवळ पिढ्यान् पिढ्या होते, तुमच्याच सोसायटीत एखाद्या काकूंना ती येत असेल, त्यांना पुढे करा. बांबूचा कोंब चिरून, भिजवून, उकळून पाणी टाकून दिल्याशिवाय खायचा नाही. कडूकंद तर शहरात आणूच नका. तो राखेत घोळवून, वाहत्या पाण्यात ठेवून खाण्याजोगा करायला सवयीचा हात लागतो. उत्साहाच्या भरात सोसायटीच्या मुलांना घेऊन स्वतः भाजी गोळा करायलाही जाऊ नका. पावसात कळलावीसारखी जहाल विषारी झाडंही त्याच रानात वर येतात. आणि रेल्वे रुळालगतचा, नाल्याकाठचा किंवा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातला हिरवागार टाकळा रानभाजी म्हणून खपवला जातो, तो तर मुळीच नको. रूळ, सांडपाणी आणि कारखाने यांच्या सान्निध्यात वाढलेल्या पालेभाजीत जड धातू उतरण्याचा धोका असतो.

आणखी एक प्रश्न दर वेळी विचारायची सवय लावा: बांधावर तणनाशक मारलं का? गेल्या काही वर्षांत भातखाचरांच्या बांधावर फवारणी वाढली आहे, मजूर मिळत नाहीत हे शेतकऱ्याचंही खरं आहे. पण तण म्हणून जे जळतं त्यात टाकळा, कुर्डू, माठ, कवळा सगळं जातं. तुमच्या गटाने “न फवारलेल्या बांधाची भाजी” असं सांगून दोन पैसे जास्त दिले, तर फवारणी थांबवायला शेतकऱ्याला कारण मिळतं. मी हे घडताना पाहिलं आहे. एका पाड्यावर बायकांनी आपापल्या घरच्या पुरुषांना बांध सोडून द्यायला लावलं, कारण त्या बांधावरून बाजारचा खर्च निघत होता.

झाडांबाबतही हेच. आपल्या भागात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे रोपं करायच्या जागेवर फांद्या-पाला जाळतात, आणि त्यासाठी झाडांच्या फांद्या छाटतात. ज्या झाडाचं काही विकलं जातं ते झाड या छाटणीतून सुटतं. काकड एरवी सरपणात जातं. शेवळाबरोबर काकडांचे वाटे विकले जाऊ लागले की ते राखलं जातं. कोरल, भोकर, मोह यांचं तसंच. मोहाची मात्र एक बाजू सांभाळावी लागते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि कधी कधी तीच आग वणवा होऊन डोंगर घेते. झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या जोडून अंथरल्या तर आग लावायची गरज राहत नाही, फुलंही माती न लागता स्वच्छ मिळतात आणि लाडू, मनुक्यांसारखी सुकवलेली फुलं यांना भाव येतो. जुन्या साड्या तुमच्या सोसायटीत कपाटं भरून असतील. पहिली मदत तीच पाठवा. सुरुवातीच्या वर्षात प्रक्रिया, बाटल्या, लेबलं, लोणची यांच्या मागे लागू नका. त्यासाठी अन्न परवान्याची नोंदणी, जागा, वीज सगळं लागतं आणि भांडवल अडकतं. वनोपजावर प्रक्रिया करून विकणाऱ्या आदिवासी गटांसाठी वन धन केंद्रांची सरकारी योजना आहे, शहापुरातल्या कातकरी तरुणांनी तिच्या आधाराने गुळवेलीचा धंदा चांगला उभा केला, पण ताज्या भाजीची घडी बसल्यावर गटाने स्वतः मागितलं तरच त्या वाटेने जा.

कुणी विचारेल, आम्ही ठाणेकरांनी एवढं का करायचं? भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. नळाला येणारं पाणी ज्या डोंगरांवरून उतरतं, त्याच डोंगरांतली ही भाजी आहे. ते डोंगर झाडाखाली ठेवणाऱ्या माणसांना तिथेच राहता यावं, एवढा हिशेब मला पुरेसा वाटतो.

सुरुवात कशी करायची ते सांगते. दरवर्षी 9 ऑगस्टच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव होतात. तिथे जा, चव घ्या, बचत गटांची ओळख करून घ्या, पण तिथेच मोठी ऑर्डर देऊन मोकळे होऊ नका. पहिली खरी बैठक मे महिन्यात पाड्यावर घ्या, लोक भट्टीवरून परतल्यावर. संध्याकाळी घ्या, बायका हजर असतील अशा वेळी, आणि म्हाताऱ्या बायांना पुढे बसवा. भावाची गोष्ट काढण्याआधी यंदा काय आणू नये ते त्यांनाच विचारा. त्या जी नावं घेतील ती लिहून घ्या आणि ती यादी सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावा. यादीत एखाद्याची आवडती शेवळं असली तरीसुद्धा. एका पाड्याशी, दहा-बारा घरांशी, पंचवीस-तीस टोपल्यांवर पहिला पावसाळा काढा. दिवाळीआधी पुन्हा जाऊन त्याच बायकांबरोबर हिशेब मांडा, आणि पुढच्या वर्षी टोपल्या वाढवायच्या की तेवढ्याच ठेवायच्या ते त्यांना ठरवू द्या.